प्रश्न विचारणारे लोक : झेवियरची जपानमधली पहिली पत्रे



५ नोव्हेंबर १५४९ या तारखेचे एक लांबलचक पत्र जपानच्या दक्षिण टोकाजवळच्या कागोशिमाहून गोव्यासाठी लिहिले गेले. लिहिणारा होता फ्रान्सिस झेवियर, ज्याला गोव्यात आजही ‘गोंयचो सायब’ म्हणतात. पत्र जुन्या गोव्यातल्या संत पावलाच्या कॉलेजातल्या त्याच्या जेझुइट बांधवांना उद्देशून होते. झेवियर कागोशिमाच्या किनाऱ्याला लागला १५ ऑगस्टला, म्हणजे त्या देशात येऊन त्याला तीन महिनेही झाले नव्हते. भाषा येत नव्हती. भोवतीचे लोक आपल्याबद्दल भरभरून बोलतात आणि आपण पुतळ्यासारखे गप्प बसतो, असे तो त्याच पत्रात लिहितो. आणि त्याच पत्रात तो असाही निर्वाळा देतो की आजवर ज्या देशांचा शोध लागला त्यांतले हे लोक सर्वोत्तम आहेत, ख्रिस्ती नसलेल्या जगात यांच्या तोडीचे दुसरे कोणी सापडेल असे वाटत नाही. हा निर्वाळा कशावर उभा होता, आणि ज्या देशातून तो जपानला गेला त्या देशाच्या लोकांनी, म्हणजे आपण, तो कसा वाचावा, हे मला आज मांडायचे आहे.

परक्या प्रवाशांचे लिखाण वाचण्याची आपली एक रीत पडून गेली आहे. निंदा दिसली की आपण लिहिणाऱ्याचा धर्म, त्याचा राजा, त्याचा पगार, सगळे तपासतो. स्तुती दिसली की ती पुरावा म्हणून पुढे करतो. ही रीत मला मान्य नाही. निंदेला जो कस लावायचा तोच स्तुतीला लावला पाहिजे, कारण दोन्ही एकाच लेखणीतून उतरतात आणि पुष्कळदा एकाच पत्रात उतरतात. झेवियरच्या बाबतीत तर अक्षरशः तसेच झाले आहे. जपानला जाण्यापूर्वी, जानेवारी १५४९ मध्ये, त्याने कोचीहून रोमला जेझुइट संघाचा प्रमुख इग्नेशियस लोयोला याला पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो की या भागातले लोक, आपण पाहिले तितके, एकंदरीत रानटी आहेत, त्यांना नवे काही जाणून घ्यायची इच्छा नाही, आणि त्यांच्यातून आपला संघ पुढे चालणार नाही. पाठोपाठ तो जपानला जाण्याचा बेत सांगतो आणि तिथले लोक जिज्ञासू आहेत म्हणतो. तोपर्यंत त्याने जपानचा किनाराही पाहिलेला नव्हता. जपानबद्दलचे त्याचे पहिले मत कागोशिमात तयार झाले नाही. ते मलाक्का, गोवा आणि कोची या तीन बंदरांत तयार झाले.

त्या मताचा उगम एका माणसापाशी सापडतो. कागोशिमाचा अंजिरो नावाचा माणूस हातून खून झाल्यामुळे पोर्तुगीज जहाजावरून पळाला होता. डिसेंबर १५४७ मध्ये मलाक्कात त्याची आणि झेवियरची गाठ पडली. झेवियरने त्याला विचारले, मी तुझ्या देशात आलो तर लोक ख्रिस्ती होतील का? अंजिरोने दिलेले उत्तर झेवियरने पत्रात नोंदवून ठेवले आहे. लोक लगेच होणार नाहीत. आधी पुष्कळ प्रश्न विचारतील, तुमची उत्तरे तपासतील, आणि तुमचे वागणे बोलण्याला धरून आहे की नाही हे पाहतील. दोन्हींत समाधान झाले तर सहाएक महिन्यांत राजा, सरदार आणि विचारी माणसे तुमच्या बाजूला येतील, कारण ते लोक विवेकाने चालतात. हे उत्तर झेवियरच्या मनात घर करून राहिले. अंजिरोसारखेच सगळे असतील तर जपानी लोकांइतके जिज्ञासू लोक दुसरे कुठले नाहीत, असे अनुमान त्याने काढले. एका माणसावरून सबंध देशाचे अनुमान काढणे तर्काला धरून नाही. पण ही चूक कोणत्या गरजेतून झाली ते पाहिले पाहिजे. पाच वर्षे ज्याला कोणी प्रतिप्रश्न केला नव्हता, किंवा केला असला तरी ज्याला तो समजला नव्हता, अशा माणसाला पहिल्यांदाच असे कोणी भेटले होते की जो त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये, मध्ये दुभाषी न घेता, वाद घालू शकत होता.

ती पाच वर्षे कशी गेली होती? ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरला आणि काही महिन्यांतच दक्षिणेला, मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणाऱ्या परवरांच्या किनाऱ्यावर गेला. परवरांनी त्याआधी पाचसात वर्षे, व्यापारी प्रतिस्पर्ध्यांपासून पोर्तुगीज आरमाराचे संरक्षण मिळावे म्हणून, सामुदायिक बाप्तिस्मा घेतलेला होता. झेवियरने प्रार्थना तमिळमध्ये भाषांतरित करून घेतल्या, पाठ केल्या, आणि घंटा वाजवीत गावोगाव फिरून मुलांकडून म्हणून घेतल्या. बाप्तिस्मा देताना हात दुखून येत आणि आवाज बसे, असे त्याने १५४४ च्या पत्रात लिहिले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस त्रावणकोरच्या किनाऱ्यावर महिनाभरात दहा हजारांहून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिल्याचे तो सांगतो. त्याच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. उन्हातान्हात, भाताच्या पेजेवर, त्याने केलेले काम त्याच्या विरोधकांनीही नाकारलेले नाही. पण या कामात संवादाला जागा किती होती? पाठ केलेला मजकूर एका बाजूने म्हणायचा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा म्हणायचा. ब्राह्मणांबद्दल १५४४ च्या त्या पत्रात त्याने अत्यंत कडवट शब्द वापरले आहेत, आणि सबंध किनाऱ्यावर आपल्याला एकच विद्वान ब्राह्मण भेटला असे म्हटले आहे. विद्वान शोधायला त्याने मदुरेची वाट धरली असती तर आकडा वेगळा आला असता. तो समुद्रकाठ सोडून आत गेलाच नाही, कारण पोर्तुगीजांचे राज्य समुद्रकाठापुरतेच होते.

इथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. झेवियरच्या लेखी माणसांची किंमत त्यांच्या धर्मांतराच्या संख्येवर ठरत असती, तर भारतातले लोक त्याला सर्वोत्तम वाटायला हवे होते. भारतात महिन्यात दहा हजार. कागोशिमात जवळजवळ वर्षभर राहून शंभराच्या आसपास. तरी रानटी ठरले ते दहा हजार आणि सर्वोत्तम ठरले ते हो म्हणायला तयार नसलेले. मिशनरी पत्रांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप, की जो आपला धर्म घेतो त्यालाच हे लोक चांगले म्हणतात, इथे उलटा पडतो. याला जोडून आणखी एक पुरावा पाहा. जानेवारी १५४५ मध्ये झेवियरने इग्नेशियसला कळवले होते की ज्यांच्यात प्रवचनाची किंवा पाप-निवेदन ऐकण्याची विशेष पात्रता नाही असे लोकही भारतात चालतील. शरीर कणखर असले म्हणजे झाले. जपानहून परतल्यावर, १५५२ च्या पत्रांत, त्याची मागणी पूर्ण बदललेली आहे. जपानला पाठवायचे पाद्री तर्कशास्त्रात मुरलेले हवेत, प्रश्नांच्या भडिमारापुढे टिकणारे हवेत, आणि त्यांना खगोलाचे ज्ञान हवे, कारण जपानी लोक ग्रहणे का होतात, चंद्राच्या कला का बदलतात, वीज, पाऊस आणि धूमकेतू कशामुळे, हे सगळे विचारतात. एका देशासाठी हमाली करू शकणारे अंग आणि दुसऱ्यासाठी वाद करू शकणारी बुद्धी, अशी ही वाटणी एकाच माणसाने केली आहे.

ही वाटणी समजावून घ्यायला मला एकच गोष्ट पुरेशी वाटते. भारतात झेवियरच्या पाठीशी गव्हर्नर होता, आरमार होते, किल्ले होते. त्याला कोणाला उत्तर द्यावे लागत नव्हते. जपानमध्ये यातले काहीही नव्हते. पोर्तुगीज तिकडे पहिल्यांदा पोचले त्याला सहाच वर्षे झाली होती, आणि झेवियर स्वतः गेला तो एका चिनी गलबतातून. सत्सुमाचा सरदार शिमाझु ताकाहिसा याने परवानगी दिली तर राहायचे, काढून घेतली तर निघायचे, अशी स्थिती होती. आणि १५५० मध्ये ताकाहिसाने नवीन धर्मांतरे देहदंडाच्या शिक्षेखाली बंद केली तेव्हा झेवियरला खरोखरच निघावे लागले. फुकुशोजी या झेन मठाचा वृद्ध प्रमुख निन्जित्सु त्याच्याशी आत्म्याच्या अमरत्वावर बोलत असे आणि कधी हो तर कधी नाही म्हणत असे. अशा माणसाशी बोलताना झेवियर पाहुणा होता. ज्याच्या घरी आपण पाहुणे असतो त्याची अक्कल आपल्याला लवकर दिसते. प्रवाशाचे पहिले मत त्या देशाच्या गुणांइतकेच, तो त्या देशात उत्तर द्यायला किती बांधील होता यावरही अवलंबून असते, हे माझे आजचे म्हणणे आहे.

याच्यावर पहिला आणि सबळ आक्षेप असा येईल की फरक खरोखरच होता. झेवियर सांगतो की जपानात पुष्कळ बायका-पुरुषांना लिहिता-वाचता येते, सगळ्या देशात एक भाषा चालते, गरिबीला कोणी हिणवत नाही, मानापुढे लोक पैशाला तुच्छ लेखतात, जेवण मोजके, जुगार नाही, चोऱ्या कमी. यातले बरेचसे नंतरच्या निरीक्षकांनीही नोंदवले आहे. भारताच्या किनाऱ्यावर दर पन्नास कोसांवर भाषा बदलत होती, आणि मोती काढणाऱ्यांच्या वस्तीत साक्षरता कुठून असणार? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. पण तुलना कोणाची कोणाशी चालली आहे हे पाहायला हवे. एकीकडे शस्त्र बाळगणारे सामुराई, मठातले पंडित, सरदाराची आई, जिने येशूमातेचे चित्र पाहून ख्रिस्ती मताची माहिती लिहून मागितली. आणि दुसरीकडे कोळी आणि पाणबुडे. एका देशाचा वरचा थर आणि दुसऱ्या देशाचा कष्टकरी थर समोरासमोर ठेवून देशांची तुलना होत नाही. आणि कष्टकऱ्यांनीही काय विचारले असते, हे त्यांच्या भाषेत शिरून ऐकणारे कोणी नव्हते.

गोव्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. झेवियर यायच्या सुमारे दोन वर्षे आधी, १५४० च्या सुमारास, तिसवाडी बेटावरची देवळे पाडली गेली होती. त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न एका धार्मिक संस्थेकडे वळवण्यात आले आणि त्यातून जे कॉलेज उभे राहिले तेच पुढे संत पावलाचे कॉलेज. अंजिरो तिथेच राहून शिकला. मे १५४८ मध्ये गोव्याच्या बिशपने त्याला बाप्तिस्मा देऊन त्याचे नाव पावलो द सांता फे ठेवले. कॉलेजचा रेक्टर लांचिलोत्तो याने जपानबद्दल त्याच्याकडून जे जे कळले ते कसोशीने उतरवून घेतले: तिथले धर्म, मठ, लग्ने, शिक्षा. परदेशातून आलेल्या एका माणसाच्या तोंडून त्याच्या देशाचा धर्म समजावून घेण्याची ही मेहनत कौतुकास्पदच होती. पण ज्या गावांच्या देवळांच्या उत्पन्नावर हे काम चालले होते, त्या गावांचा धर्म अशा आस्थेने विचारून लिहून घ्यावा असे त्या काळात तिथे कोणाला वाटलेले दिसत नाही. साष्टीतल्या केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये मराठी ओवीत श्रीकृष्णचरित्र रचले होते. झेवियर गोव्यात उतरला तेव्हा ही कृती सोळा वर्षांची होती आणि जेमतेम एका दिवसाच्या वाटेवर होती. पुढे जेझुइटांनीच रोमन लिपीत तयार केलेल्या अशा पोथ्यांच्या नकला आज पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. म्हणजे जाणण्यासारखे काही नव्हते असे झाले नाही; जाणून घेण्याची निकड नव्हती.

दुसरा आक्षेप : एका झेवियरवरून एवढा सिद्धान्त कसा उभारता? रास्त आहे. म्हणून तो इतरत्र लावून पाहू. १५८० मध्ये रोदोल्फो आक्वाविवा आणि मोन्सेरात हे जेझुइट गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोचले. भारत तोच, पण तिथे पोर्तुगीज तोफा पोचत नव्हत्या. त्यांना मौलवींसमोर बसून वाद करावा लागला, बादशहाच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली. मोन्सेरातने पुढे जो वृत्तान्त लिहिला त्यात अकबराची बुद्धी, त्याचे कुतूहल, त्याची न्यायाची रीत यांचे बारकाईने आणि आदराने केलेले वर्णन आहे. १६०६ मध्ये रोबेर्तो द नोबिली मदुरेला गेला, जिथे नायकांचे राज्य होते. तो तमिळ आणि संस्कृत शिकला, आणि ब्राह्मणांच्या विद्येबद्दल त्याचे मत झेवियरच्या मताच्या दुसऱ्या टोकाला पोचले. याच्या उलट साष्टी पाहा. १५६७ मध्ये तिथली देवळे पाडली गेली, आणि अकबराच्या दरबारात वाद करून परतलेला तोच आक्वाविवा जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला चर्चसाठी जागा पाहायला गेला असता सोबत्यांसह मारला गेला. त्यानंतर गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून पोर्तुगीजांनी मारले. फत्तेपुरात ज्याला शब्दांनी उत्तर देणारे भेटले त्याला कुंकळ्ळीत शस्त्राने उत्तर मिळाले. दोन्ही ठिकाणच्या माणसांच्या बुद्धीत फरक होता असे मला वाटत नाही. कुंकळ्ळीत शब्दांसाठी जागाच उरू दिलेली नव्हती.

मग जपानातच जेव्हा पाद्र्यांच्या हाती सत्ता आली तेव्हा काय झाले? माझ्या म्हणण्याची ही सर्वांत कठीण परीक्षा आहे. ओमुराचा सरदार सुमितादा ख्रिस्ती झाला आणि १५७४ मध्ये त्याच्या मुलखात बौद्ध व शिंतो देवळे पाडून प्रजेचे सामुदायिक धर्मांतर झाले. १५८० मध्ये त्याने नागासाकी बंदर जेझुइटांच्या स्वाधीन केले. या काळात, १५७० पासून, जपानमधल्या मिशनचा प्रमुख होता फ्रान्सिस्को काब्राल. जपानी लोकांबद्दलचे त्याचे मत असे की इतके गर्विष्ठ, लोभी आणि बेभरवशाचे लोक आपण पाहिले नाहीत. भाषा शिकण्याचा आग्रह त्याला व्यर्थ वाटे, आणि संघातल्या जपानी बंधूंना तो खालच्या पायरीवर ठेवी. तीस वर्षांत सर्वोत्तम लोक असे खाली उतरले. पण इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या बाजूची नाही. जुलै १५७९ मध्ये अलेस्सांद्रो वालिन्यानो तपासनीस म्हणून जपानला आला. वाचलेल्या पत्रांतला जपान आणि समोरचा जपान यांतले अंतर पाहून तो हबकला. पहिले वर्षभर त्याने मत देण्याचे टाळले. मग त्याने काब्रालला बाजूला केले, जपानी रीतिरिवाज पाळण्याची सक्ती पाद्र्यांवरच केली, आणि जपानी तरुणांना संघाची दारे उघडली. नागासाकी हाताशी असूनही त्याचा आदर टिकला. सत्ता असली की आदर संपतोच असे म्हणता येत नाही, हे मी मान्य करतो. एवढे मात्र दिसते की सत्तेत असताना आदर टिकवायला वालिन्यानोसारखा मुद्दाम घेतलेला निर्णय लागतो, आणि नसताना तो आपोआप शिकवला जातो. याच वालिन्यानोने भारतीयांबद्दल मात्र, अॅरिस्टॉटलच्या आधाराने, हे लोक जणू चाकरीसाठीच जन्मले आहेत असे लिहून ठेवले. भारतात आदराचा असा निर्णय घेण्याची गरज त्याला भासली नाही.

कोणी म्हणेल की ही पत्रे युरोपात मोठ्याने वाचली जाण्यासाठी, तरुणांना मिशनकडे ओढण्यासाठी आणि राजाकडून पैसा मिळवण्यासाठी लिहिलेली होती. त्यांतून मते शोधणे व्यर्थ आहे. पत्रांचा हेतू तसा होता यात वाद नाही. कागोशिमाच्या पत्रव्यवहारातच साकाई बंदरात पोर्तुगीज वखार घातली तर राजाला किती नफा होईल याचीही गणिते आहेत, आणि मियाको, म्हणजे आजचे क्योतो, नव्वद हजार घरांचे आहे ही ऐकीव माहितीही आहे. पण प्रचाराची पत्रे म्हणून ती बाजूला सारली तर एक गोष्ट उरतेच: प्रचारासाठी पुढच्या पत्रात मागचे खोडण्याची गरज नसते, आणि झेवियर ते करतो. जानेवारी १५५१ मध्ये तो बर्फातून पायी मियाकोला पोचला. तिथे यादव्यांनी उद्ध्वस्त झालेली नगरी आणि आज्ञा न चालणारा सम्राट पाहून अकरा दिवसांत परत फिरला. ज्या राजाच्या धर्मांतराच्या आशेवर पहिले पत्र उभे होते ती आशा त्याने सोडून दिली. यामागुचीत फाटक्या झग्याने कोणी किंमत देत नाही हे कळल्यावर रेशमी वस्त्रे घालून, गव्हर्नरची पत्रे आणि घड्याळासारख्या भेटी घेऊन, तो तिथल्या सरदारापुढे, ओउची योशिताकापुढे, राजदूत म्हणून उभा राहिला. गरिबीला जपानात कमीपणा मानत नाहीत हे त्याचे पहिले निरीक्षण होते. त्याची मर्यादा त्याला अनुभवाने कळली आणि त्याने वागणे बदलले.

या पत्रव्यवहारातला सर्वांत मोलाचा भाग मला जानेवारी १५५२ च्या पत्रात सापडतो. यामागुचीत लोकांनी विचारले: तुमचा देव चांगला आहे तर त्याने सैतान का निर्माण केला? तो सर्वांचा आहे तर इतकी शतके आम्हाला का कळला नाही? ज्या चीनकडून आम्ही सगळी विद्या घेतली त्या चीनला हे कसे माहीत नाही? आणि शेवटी, आमचे मेलेले आईबाप कुठे आहेत? झेवियरला त्याच्या मताप्रमाणे एकच उत्तर देता येत होते: जे नरकात गेले त्यांची सुटका नाही. हे ऐकून नव्याने ख्रिस्ती झालेले लोक रडले, आणि आपल्या या प्रिय माणसांना रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते, असे तो लिहितो. भारतातल्या पत्रांत असा प्रसंग मला दिसत नाही. परवरांना मेलेले आईबाप नव्हते काय? पूर्वज-पूजा, श्राद्ध, पिंड यांनी ज्यांचे वर्ष आखलेले असते त्यांनी हा प्रश्न मनात तरी केलाच असणार. तो झेवियरपर्यंत पोचला नाही, आणि म्हणून त्याच्या उत्तरातली कठोरता त्याला स्वतःला तिथे कधी जाणवली नाही. चीनबद्दलच्या प्रश्नाने तर त्याच्या उरलेल्या आयुष्याची दिशा ठरवली. चीनच्या दाराशी, शांगच्वान बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजी तो वारला. लोकांच्या प्रश्नाने ज्याचा मार्ग बदलतो अशा माणसाबद्दल मला आदर आहे. हाच माणूस १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन मागतो, आणि १५६० मध्ये ती येते, हेही त्याच आदरासकट सांगितले पाहिजे.

पहिल्या मतांचे परिणाम मत देणाऱ्यापाशी थांबत नाहीत. कोणाला पाद्री करायचे आणि कोणाला नाही, ही गोष्ट अशा मतांवर ठरू लागली. पेरो लुईश या ब्राह्मण घराण्यातल्या ख्रिस्ती तरुणाला जेझुइट संघात घेतले, आणि त्यानंतर भारतीयांसाठी ते दार जवळजवळ बंदच झाले. जपानात मात्र १६०१ मध्ये नागासाकीला पहिल्या जपानी पाद्र्यांना दीक्षा मिळाली. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रु याला गोव्यात पाद्री होऊ दिले गेले नाही. तो रोमला गेला, तिथे दीक्षा घेतली, १६३७ मध्ये बिशप झाला, आणि परतल्यावर गोव्याच्या पोर्तुगीज धर्मसत्तेने त्याला आयुष्यभर विरोध केला. या सगळ्याचे खापर झेवियरच्या दोन पत्रांवर फोडणे अन्याय होईल. वर्णाचा अहंकार, पदांची स्पर्धा, पोर्तुगीज राजाचे धर्मसत्तेवरचे हक्क, अशी कारणे पुष्कळ होती. पण अहंकाराला आधारवाक्य लागते, आणि संत म्हणून पूजल्या जाणाऱ्या माणसाचे वाक्य त्या कामी फार टिकाऊ ठरते. जपानच्या स्तुतीत आपली निंदा दडलेली होती. स्तुती वाचून आनंदणाऱ्या युरोपला ती एकाच पानावर मिळत होती.

वालिन्यानो जपानात हबकला त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. वडिलांना लिहिलेल्या त्याच्या पहिल्या पत्रात प्रवासाचे वर्णन भरपूर आहे: वारे, प्रवाह, तारे, जहाजाजवळ पोहत आलेले साप. माणसांबद्दल मात्र चार-दोन ओळी. रंग सावळा, कमरेला वीतभर कापड, पिण्याला पाणी किंवा माडाची दारू. झेवियरसारखा निर्वाळा त्यात नाही, निंदेचा नाही आणि स्तुतीचाही नाही. चार वर्षांनी भावाला लिहिलेल्या पत्रात तो इथल्या भाषांबद्दल लिहितो, त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवतो, माडाच्या झाडापासून काय काय मिळते ते सांगतो. पुढे तो साष्टीत चाळीसएक वर्षे राहिला. तीच साष्टी, तेच देवळे पाडलेले गाव, तेच सरकार. त्याच्या मागेही तोफा होत्याच, आणि त्याने त्या व्यवस्थेविरुद्ध आवाज उठवला असा माझा दावा नाही. पण त्याने मराठी आणि कोंकणी आत्मसात केल्या आणि १६१६ मध्ये राचोल इथे क्रिस्तपुराण छापले गेले. त्याच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो: तुम्ही आमची पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही का देत नाही? सबंध ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर म्हणून रचलेला आहे. जाणून घेण्याची इच्छा नसलेले म्हणून १५४९ मध्ये ज्यांची नोंद झाली होती, त्याच किनाऱ्यावरचा हा माणूस आहे. यामागुचीच्या लोकांनी विचारला त्याहून हा प्रश्न उणा नाही. यात तर्क आहे आणि तक्रारही आहे. तो ऐकू यायला झेवियरनंतर साठाहून अधिक वर्षे लागली, आणि ती वर्षे ऐकणाऱ्याला भाषा शिकण्यात लागली.